हात पोचेल तिथे खाऊ

२ मार्च, रविवार

सायकलवर १४० किलोमीटर ठरवले होते, ११२ वर दुकान बंद झालं. माझं. पाय दुखत नव्हते, दमही लागला नव्हता. वाऱ्याचा विनाकारण राग यायला लागला, किलोमीटरचा दगड दोनदा वाचूनही आकडा डोक्यात शिरेना, आणि सपाट रस्त्यावर सर्वांत हलका गियर लागला होता. सायकल झाडाला टेकवून बसले तर बोटं थरथरत होती. मागची बॅग उघडली. आत तीन केळी, ब्रेड-जॅमच्या चार घड्या आणि खजुराचं न फोडलेलं पाकीट. सकाळी भरलं तसंच. केळी तेवढी काळी पडली होती.

चाळिसाव्या किलोमीटरला खायची आठवण झाली होती. साठाव्याला झाली. ऐंशीव्याला तर चक्क भूक लागली होती. पण बॅग सॅडलच्या मागे, तिला दोन बकलं, आत डबा, डब्याला झाकण. थांबा, उतरा, सोडा, खा, परत बांधा. दर वेळी म्हटलं, हा चढ होऊ दे मग बघू.

स्नायू आणि यकृत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातली राखीव साखर, साठवतात, म्हणजे १,६०० ते २,००० कॅलरी. जोर लावून चालवलं तर दोन-तीन तासांत तळ दिसायला लागतो. चरबी अंगावर भरपूर असते, पण ती मंद आचेवर जळते. हे मला पाठ आहे, चार जणांना मी ते समजावूनही सांगितलंय. तरी बसले झाडाखाली.

११ मे रोजी ३०० किलोमीटरची ब्रेव्हे आहे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड; मुदत २० तास. तोवर सायकल अशी करायची की खाण्यापिण्यासाठी उतरावंच लागू नये. त्या खटाटोपाच्या या नोंदी.

५ मार्च

सायकल ट्रेनरवर (जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर) चढवली, डोळे मिटले आणि एक हात सोडून कुठे कुठे पोचतो ते बघितलं. जिथे सहज पोचला तिथे खडूची खूण. मागच्या ब्रेकचा हात मी हँडलवरच ठेवते. एक हात मोकळा असताना पुढचा ब्रेक कचकन लागला तर काय होतं ते एकदा भोगलंय. त्यामुळे प्रश्न एकाच हाताचा आहे.

खुणा झाल्या त्या अशा: हँडलबार आणि त्याला सायकलशी जोडणाऱ्या स्टेमच्या मधला कोपरा, टॉप ट्यूबचा (फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीचा) पुढचा वीतभर भाग, डाउन ट्यूबवरची (हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या नळीवरची) बाटली, आणि जर्सीचा त्या हाताकडचा खिसा. सीट ट्यूबवरच्या (सॅडलखालच्या उभ्या नळीवरच्या) बाटलीपर्यंत हात जातो, पण मान खाली घालावी लागते. जर्सीच्या मधल्या खिशातून वस्तू निघते, परत आत जात नाही. आणि बायकांच्या जर्सीचे खिसे इतके उथळ का शिवतात हे मला कोणी सांगेल का? केळं अर्धं बाहेर डोकावतं.

मागच्या बॅगेला एकही खूण नाही. म्हणजे तिथे पंक्चरचं सामान, रेनकोट आणि राखीव खाणं.

९ मार्च, रविवार

घामाचं माप. कपडे काढून वजन, दीड तास नेहमीच्या दमानं राइड, आल्यावर अंग पुसून पुन्हा वजन. आधी ५८.४, नंतर ५७.५. मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायले. म्हणजे घाम ०.९ अधिक ०.५, एकूण १.४ लिटर, तासाला ०.९ च्या जरा वर. ऊन चांगलंच होतं.

परवा पहाटे गारव्यात हेच केलं होतं तेव्हा तासाला ०.५५ आला होता. तोच रस्ता, तीच बाई, आणि फरक जवळपास पावणेदोनपट. "तासाला एक बाटली" हा सरसकट सल्ला माझ्यापुरता इथेच निकालात निघाला. गेलेलं सगळंच भरून काढायचीही गरज नाही. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत घट चालते असं साधारण धरतात, माझ्या बाबतीत ती सव्वा लिटरच्या आत-बाहेर.

दुपारच्या टप्प्यासाठी तीन बाटल्या हव्यात, आणि माझ्या फ्रेमच्या त्रिकोणात दोनच मावतात. फ्रेम लहान आहे, त्यामुळे ७५० ची बाटली वर ओढून काढायला गेलं की टॉप ट्यूबवर आपटते. दोन्हीकडे बाटली बाजूनं निघेल असे केज (बाटली धरणाऱ्या चौकटी) लावायचे, तिसरी बाटली डाउन ट्यूबच्या पोटाखाली.

१२ मार्च

केजच्या दोन भोकांमधलं अंतर ६४ मिलिमीटर, बोल्ट एम५ (५ मिलिमीटर जाडीचा). हे माप जवळपास सगळ्या सायकलींना सारखं असतं, त्यामुळे केज बदलणं पाच मिनिटांचं काम.

दीड तास गेला. जुन्या केजचा खालचा बोल्ट फिरतोय, पण बाहेर येत नाही. टॉर्च लावून बघितलं तर बोल्टबरोबर त्याच्याखालची चकतीही फिरतेय. फ्रेमची नळी पातळ, तिच्यात थेट आटे पाडता येत नाहीत, म्हणून आत रिव्हनट बसवलेला असतो: आत आटे, बाहेर कॉलर, मागचा भाग दाबून फुगवलेला. तो सैल झालाय. घाम आणि साखरेचं पाणी वर्षानुवर्षं बोल्टवर ठिबकलं, बोल्ट आत धरला, आणि मी जोर लावून नटच मोकळा केला. आधी तेल सोडून रात्रभर ठेवायचं होतं. आता ते सुचतंय.

१५ मार्च

बोल्ट निघाला. कॉलरच्या कडेला चिमटा लावून ती दाबून धरली, तेल आदल्या रात्री सोडलं होतंच, पाव-पाव फेऱ्यात मागे-पुढे करत सुटला.

नट परत घट्ट बसवायची युक्ती लिहून ठेवते, पुन्हा लागेल. लांब एम५ बोल्ट घ्यायचा. त्यावर आधी साधा नट चढवायचा, मग ग्रीस लावलेलं सपाट वॉशर, मग दातेरी वॉशर. बोल्ट रिव्हनटात पुरेसा आत फिरवायचा. आता बोल्टचं डोकं ॲलन कीनं जागच्या जागी धरायचं आणि पान्यानं फक्त बाहेरचा नट आवळायचा. बोल्ट फिरत नाही, सरळ वर ओढला जातो. रिव्हनटचा मागचा भाग आतून आणखी फुगतो आणि नळीला घट्ट धरतो. दातेरी वॉशर कॉलरमध्ये रुतून तिला फिरू देत नाही. एका ठिकाणी हाताला एकदम टणक लागतं. तिथे थांबायचं. मी एक पाव फेरा जास्त घेतला, सुदैवानं आटे वाचले.

नवीन बोल्टना ग्रीस लावूनच बसवले. तिसरा केज पोटाखाली.

२३ मार्च, रविवार

स्टेमजवळची पिशवी शिवली. विकत मिळते, पण माझा हँडलबार अरुंद आणि तयार पिशवी गुडघ्याला लागते.

फाटक्या रकसॅकचं कापड, आत जुन्या योगा मॅटचा तुकडा, म्हणजे पिशवी रिकामी असतानाही तोंड वासून उभी राहते. हे महत्त्वाचं, कारण चपटी झालेली पिशवी एका हातानं उघडता येत नाही. आतला व्यास १० सेंटिमीटर, उंची १५. बाटली साधारण ७३-७४ मिलिमीटर जाड असते, त्यामुळे वेळ पडली तर चौथी बाटलीही यात बसेल. तळाला एक आयलेट ठोकलं, पावसाचं पाणी साचू नये म्हणून. तोंडाला दोरी आणि स्प्रिंगचा लॉक. दोन पट्टे हँडलबारला, एक स्टेमला.

आई मशीनशेजारी उभी राहून बघत होती. "अगं, तळाची शिवण दुहेरी घाल, खाऊनं नाही फाटली तर हिसक्यानं फाटेल." घातली.

पहिली फेरी घराभोवतीच. सॅडलवरून उठून चढ चढताना पिशवी लंबकासारखी झुलते आणि हँडल एका बाजूला ओढते. खालून चौथा पट्टा फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुभागलेल्या दांड्याच्या) वरच्या टोकाला बांधला, झुलणं थांबलं. गुडघा अजूनही दहात एकदा घासतो.

जुन्या शर्यतींच्या फोटोंत स्वारांच्या हँडलबारवरच दोन बाटल्या दिसतात, छातीसमोर. बाटली फ्रेमवर गेली ती नंतर. आणि खांद्याला अडकवून द्यायची म्युझेट म्हणजे कापडी झोळी शर्यतीत आजही चालते: धावत्या सायकलवर ती हातात घ्यायची, आतलं सगळं खिशांत कोंबायचं. मला वाटत होतं मी काहीतरी नवीन शोधतेय.

३० मार्च, रविवार

१०० किलोमीटर, विषय फक्त तोंडात काय जातं.

केळं: मध्यम आकाराच्या केळ्यात साधारण २७ ग्रॅम कर्बोदकं, एका हातानं सोलता येतं, शेंड्याकडून चिमटून. पण पिशवीत एका तासात त्याचा लगदा होतो. पहिल्या तासाला खायची वस्तू. खजूर: बी आधीच काढून ठेवायची, नाहीतर चढावर बी तोंडात घोळवत बसावं लागतं. बोटं चिकट होतात, मग ब्रेकचा लिव्हर चिकट. शेंगदाणे बाद. चावताना श्वास कोंडतो, एक कण घशात गेला आणि मी रस्त्याच्या कडेला खोकत उभी. शिवाय चरबी आणि तंतू पोटात रेंगाळतात. ते थांब्यावर ठीक. चॉकलेटचं काय झालं ते लिहीत नाही, पिशवी धुवायला टाकलीय.

खरा शोध उकडलेल्या बटाट्याचा. लहान बटाटे, सालासकट उकडून, मीठ चोळून. १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, म्हणजे जेलच्या (पाकिटातून पिळून खायच्या गोड लगद्याच्या) मानानं वजन जास्त, पण तोंडाला चव येते आणि चावायला जोर लागत नाही. २०१९ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी सायकलस्वारांना बटाट्याची पेस्ट आणि जेल देऊन तुलना केली होती. कामगिरी दोन्हींत सारखीच निघाली. बटाटेवाल्यांचं पोट मात्र जास्त फुगलं. म्हणजे थोडे थोडे खायचे.

बटरपेपरच्या पुड्या एका टोकाला पीळ देऊन, दुसरं टोक नुसतं दुमडलेलं. दातानं धरून उघडते. चिकटपट्टी लावलेली पुडी चालत्या सायकलवर उघडत नाही, आज तीन वेळा सिद्ध झालं. रिकामे कागद जर्सीच्या खिशात, तिथे दुसरं काहीच ठेवायचं नाही. नाहीतर एक कागद ओढताना दुसरं काहीतरी रस्त्यावर पडतं. आज मोजा पडला.

६ एप्रिल, रविवार

शहाणपणा केला. खायचा कंटाळा नको म्हणून सगळं इंधन बाटलीतच: ७५० मिलीत ९० ग्रॅम साखर. दोन तासांनी पोटात डचमळायला लागलं, तिसऱ्या तासाला उलटी होते की काय अशी वेळ. पाणी आत जाऊनही तहान भागेना.

१२ टक्क्यांचं पाणी होतं ते. इतकं दाट द्रावण पोटातून सावकाश पुढे सरकतं, आणि आतड्यात पोचलं की अंगातलंच पाणी उलटं तिकडे ओढतं. म्हणून खेळाडूंची पेयं साधारण ६ ते ८ टक्क्यांची असतात. शिवाय आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज नेणाऱ्या वाहकाची क्षमता तासाला ६० ग्रॅमच्या आसपास भरते. फ्रुक्टोजला वेगळा वाहक आहे, म्हणून दोन्ही मिळून ९० पर्यंत जाता येतं. साधी साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज, त्यामुळे ती वाईट नाहीच. पण सवय नसलेल्या पोटाला एकदम ९० देणं हा माझा गाढवपणा. पोटालाही पायांसारखा सराव लागतो.

नवीन मिश्रण: ७५० मिलीला सपाट १० चमचे म्हणजे ४० ग्रॅम साखर, पाव चमचा म्हणजे साधारण दीड ग्रॅम मीठ, अर्धं लिंबू. मिठातून ६०० मिलिग्रॅमच्या जवळपास सोडियम मिळतं. बरोबरचे काही जण ओआरएसची पाकिटं वापरतात. मिठासाठी उत्तम, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं. ते जुलाबात पाणी टिकवायला केलंय, चढ चढवायला नाही.

दुसऱ्या बाटलीत नुसतं पाणी, आणि ते तसंच ठेवायचं. तोंड खळखळायला, डोक्यावर ओतायला, चिकट बोटं आणि खरचटलेलं कोपर धुवायला. साखरेच्या पाण्यानं यातलं काहीच होत नाही.

१३ एप्रिल, रविवार

खडीचा रस्ता. पोटाखालची बाटली पहिल्या मोठ्या खड्ड्यात सुटली आणि मागच्या चाकाला चाटून शेतात गेली. सापडली. जुन्या ट्यूबचा पट्टा कापून बाटलीभोवती आवळला.

दुसरं, तिच्या तोंडावर पुढच्या चाकानं उडवलेला चिखल आणि जनावरांची घाण थेट बसते. झाकणवाली बाटली असली तरी तीतून थेट प्यायचं नाही. ती फक्त वरच्या बाटल्या भरायला.

१७ एप्रिल

पाठीवरची पाण्याची पिशवी मागून आणून वापरली, दीड लिटरची. नळी तोंडाजवळ, हँडल सोडायला नको, पिणं आपोआप वाढतं. पण दीड किलो खांद्यावर, पाठ भिजलेली, आणि किती उरलंय ते दिसत नाही. संपल्याचं कळतं ते नळीतून सुर्र आवाज आल्यावर. नळीत आधीच्याची काळी बुरशीही होती. पाण्याची सोय तासन्‌तास नसलेल्या रस्त्यावर ती लागेल. या राइडला नको.

२७ एप्रिल, रविवार

२०० ची ब्रेव्हे, साडेतेरा तासांची मुदत, रंगीत तालीम म्हणून. १० तास ५० मिनिटांत आले. सायकल ९ तास ३५ मिनिटं चालती होती, म्हणजे थांबणं सव्वा तास. फेब्रुवारीतल्या २०० ला मी अडीच तास नुसती उभी होते.

घड्याळात दर २० मिनिटांनी गजर. वाजला की एक घास किंवा चार घोट, भूक असो नसो. पहिले तीन तास गजर हास्यास्पद वाटतो. सहाव्या तासाला तोच एक शहाणा उरतो, कारण तेव्हा खावंसंही वाटत नाही आणि ते कळतही नाही.

सात तासांनंतर गोड नको झालं. खजूर तोंडात घेतला आणि गिळवेना. बटाटे तेवढे गेले, आणि ते संपल्यावर मी लिंबाची फोड मिठाला लावून चोखत होते. ३०० ला दुसऱ्या अर्ध्यात गोड-खारटाचं प्रमाण उलटं करायचं.

दीडशेव्या किलोमीटरच्या थांब्यावर मी घटाघटा बाटली रिकामी करत होते. साठी ओलांडलेले एक काका शेजारी बसलेले. "अगं, तहान लागलीय की भीती वाटतेय?" भीतीच वाटत होती. नुसतं पाणी घामापेक्षा जास्त ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळ आणि डोकेदुखी सुरू होते, फार झालं तर माणूस बेशुद्ध पडतो. आणि सुरुवातीची लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच वाटतात, म्हणून माणूस आणखी पितो. ठरलं: गजरावर खायचं, पाणी तहानेवर.

पिशवी आतल्या बाजूला दोन सेंटिमीटर सरकवली. गुडघा आता लागत नाही.

८ मे

अंतिम भरती. तिन्ही बाटल्या भरल्या तर दोन लिटरच्या वर, म्हणजे दोन किलोच्या वर. पहाटे गारवा असेल तेव्हा पोटाखालची रिकामीच नेऊन ९० व्या किलोमीटरला भरणार. उगाच का वाहायची. साखर आणि मीठ मोजून सहा पुड्या. पुडी अरुंद हवी, बाटलीच्या तोंडात कोपरा कापून ओतता आली पाहिजे. रुंद पुडीची निम्मी साखर मागच्या वेळी बुटात गेली.

स्टेमच्या पिशवीत पाच तासांचं, जास्त नाही. तासाला ५०-६० ग्रॅमचा हिशेब, त्यातले थोडे बाटलीतून, उरलेले चावून. टॉप ट्यूबवर खारट. मागच्या बॅगेत राखीव ब्रेड आणि शेंगदाणे, ते बसून खायला.

१२ मे

काल पहाटे ५ ला निघाले, रात्री १० वाजून ४० मिनिटांनी पोचले. १७ तास ४० मिनिटं.

नोंदवण्यासारखं थोडंच आहे. सहा पुड्यांपैकी पाच वापरल्या. १९० ते २३० हा पट्टा वाईट गेला, समोरून वारा, पण राग आला नाही. रागाकडे मी आता लक्ष ठेवून असते. २१२ वर एकदा चिडचिड जाणवली, घड्याळ बघितलं तर मागचे दोन गजर मी वाऱ्याच्या आवाजात ऐकलेच नव्हते. एक बटाटा, अर्धी गोड बाटली, आणि पंधरा-वीस मिनिटांत रस्ता पुन्हा रस्त्यासारखा दिसायला लागला. पुढच्या वेळी गजर थरथरणारा हवा.

अंधार पडल्यावर पिशवीतल्या पुड्या एकसारख्या लागतात. गोड म्हणून उघडली ती खारट निघाली, दोनदा. खारट पुडीला पुढच्या वेळी गाठ मारेन, बोटांना कळेल.

निघताना वजन ५८.३, आल्यावर ५७.६.

आज सगळं धुवायला काढलं. पोटाखालच्या बाटलीचा चिखल ब्रशनंही निघत नाहीये. पिशवीच्या तळाला एक खजूर सापडला, शिवणीला चिकटलेला, आणि दोरी साखरेनं इतकी कडक झालीय की लॉक सरकत नाही. गरम पाण्यात भिजत घातलीय.